बेचाळीस पॉइंट आठ

“बाई, आजपण तेवढंच?”

“जेवढं आहे तेवढं.”

“नाही, कालपण एवढंच होतं.”

“काल काल होतं. आज आज आहे.”

“दिवस बदलला हे मान्य आहे हो मला. आकडा का बदलत नाही, ते विचारतोय.”

फळ्यावर ४२.८ लिहून तिने खडू डबीत ठेवला. विचारणारा नर्सरीवाला होता. त्याच्या मागे सात-आठ माणसे उभी होती आणि फळ्याकडे बघत होती. भाडेकरू खोली रिकामी करतो म्हणून गेला आणि सहाव्या दिवशीही तिथेच बसलेला दिसला की घरमालक बघतो, तसे.

गाव तिला तापमानबाई म्हणत असे. पाण्याच्या टाकीमागे तारेच्या कुंपणात हिरवळीचा एक चौकोन होता. त्यात चार पायांवर उभी पांढरी, झडपांची पेटी, पेटीत चार तापमापक. रोज सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला ते वाचायचे, वहीत लिहायचे आणि संध्याकाळचा कमाल आकडा फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहायचा. एकतीस वर्षे ती हे करत होती. या एकतीस वर्षांत तिची नात्यातली लग्ने चुकली, एकदा स्वतःच्या मुलीच्या लग्नाला ती चाळीस मिनिटे उशिरा पोचली, पण वहीत एक रकाना रिकामा नव्हता. अजून दहा महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. वही तशीच, एकही भोक न पडलेली, कार्यालयात द्यायची एवढीच तिची इच्छा होती.

आकड्याखाली ती ‘उन्हाळी बागकाम अंदाज’ लिहीत असे. हे तिला कुणी सांगितलेले नव्हते. फार वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याने विचारले होते, “बेचाळीस ते ठीक आहे, पण मी मिरची लावू का?” बाईला त्या प्रश्नाने जन्मात पहिल्यांदा आपल्या कामाचा उपयोग कळला होता. तेव्हापासून अंदाज सुरू झाला आणि त्यात एक नियम पक्का झाला: कमाल तापमान सलग तीन दिवस चाळीसच्या खाली आल्याशिवाय रोपे जमिनीत लावू नयेत. गावात लोक वाढदिवस विसरत, पण हा नियम कुणी मोडत नसे. ज्यांनी मोडला त्यांचे टोमॅटो दोन दिवसांत उकडलेल्या पालेभाजीसारखे आडवे पडले होते, आणि त्यांची नावे लोक अजून काढत.

यंदा भानगड अशी झाली होती की पाच दिवसांपूर्वी ४२.८ होऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी वारा फिरला. वर पातळ ढग आले. दुपारी सावलीत चक्क बरे वाटायला लागले. पण फळ्यावर ४२.८. तिसऱ्या दिवशी ४२.८. लोकांची मोठी पंचाईत झाली. अंगाला गार लागत होते आणि फळा म्हणत होता की लागत नाही. एकतीस वर्षांचा भरवसा असल्याने बहुतेकांनी फळ्याचे ऐकले. ते टोप्या घालून, ओला रुमाल मानेवर टाकून गार वाऱ्यात फिरत राहिले. एका गृहस्थाला थंडी वाजली, पण त्याने ती उष्माघाताची सुरुवात समजून डॉक्टरला दाखवली.

आणि इकडे नर्सरीत बाराशे रोपे ट्रेमध्ये लांब माना काढून उभी होती.

“बाई, रोपं हातभर झाली माझी. अजून चार दिवस ट्रेमध्ये राहिली तर मांडव घालावा लागेल.”

“मग मी काय करू? पारा खाली ढकलू?”

“तसं नाही म्हणत मी.”

“मग कसं म्हणताय?”

नर्सरीवाल्याने दात दाखवले. ते दात बाईच्या नवऱ्याने केलेले होते. नवरा कवळ्या बनवायचा, चाळीस वर्षे तोच धंदा, आणि गावातले चाळिशीपलीकडचे निम्मे हसू त्याच्याच हातचे होते. त्यामुळे गावात बाईवर जो संशय घेतला जात होता, तो बऱ्याच अंशी तिच्याच घरच्या दातांतून बाहेर पडत होता.

“मी एवढंच म्हणतो,” नर्सरीवाला म्हणाला, “की आकडा वर राहिला की कुणाचा फायदा होतो, ते बघावं माणसानं.”

आकडा वर राहिला की फायदा हिरव्या जाळीवाल्याचा होत होता. झाडांवर सावली धरायची ती हिरवी जाळी गावात तोच विकायचा. तो गर्दीत मागेच उभा होता.

“माझं नाव घ्यायचं नाही,” जाळीवाला म्हणाला.

“कुठं घेतलं नाव?”

“माझ्याकडं बघून म्हणालात.”

“मग कुणाकडं बघू? डोळे मिटून बोलू?”

“जाळी संपून आठवडा झाला माझी. उगाच उचलली जीभ लावली टाळ्याला! उलट तुमचीच रोपं मरतुकडी निघाली असणार. लोकांनी नेऊ नयेत म्हणून तुम्हीच बाईंना सांगितलं असेल, आकडा धरून ठेवा.”

“मी माझीच रोपं विकू नयेत म्हणून?”

“तेच तर. कुणाला संशय येणार नाही असंच करतो माणूस.”

यावर गर्दीतल्या तिघांनी मान हलवली. एकदा संशय घ्यायचा म्हटले की ज्याचे नुकसान होते तोच जास्त संशयास्पद दिसतो.

बाई निघाली. तिलाही संशय होता. फक्त तिचा संशय या सगळ्यांवर होता.

---

“अगं, वेणी डाव्या हातानं का घालतेस हल्ली?” नवऱ्याने घरी विचारले.

“गंमत म्हणून.”

“छप्पन वर्षं नव्हती गंमत.”

“अहो, तुम्ही जेवा.”

नवरा जेवू लागला, पण एक डोळा तिच्यावर ठेवून. महिनाभरापूर्वी कुंपणावरची वेल बांधताना तिचा उजवा खांदा आखडला होता. हात खांद्याच्या वर जात नव्हता. हे तिने कुणाला सांगितले नव्हते. कार्यालयाला कळले असते तर त्यांनी तब्येतीचा दाखला मागितला असता, दाखल्यासाठी रजा घ्यावी लागली असती, आणि रजेच्या दिवशी वहीत कुणीतरी दुसऱ्याने आपल्या गचाळ अक्षरात लिहिले असते. नवऱ्याला सांगितले असते तर त्याने सकाळ-संध्याकाळ तेल गरम केले असते आणि वर गावभर सांगितले असते. म्हणून तिने डावा हात कामाला लावला होता आणि विषय मिटला होता.

नवऱ्याच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. चाळीस वर्षे माणसांच्या जबड्यात बघून त्याला एक गोष्ट कळली होती: माणूस दुखऱ्या बाजूने चावत नाही आणि विचारले तर म्हणतो, काही दुखत नाही.

“आज फळ्यावर आकडा खाली लिहिलास,” तो म्हणाला. “परवा त्याहून वर होता. महिन्यापूर्वी तर पार वरच्या चौकटीला लागून लिहायचीस. लोक म्हणतायत, बाईंना लाज वाटते म्हणून खाली लिहितात.”

“लोक काय, काहीही म्हणतात.”

“मग तू सांग ना, काय ते.”

“कुणीतरी पेटीत हात घालतंय,” ती एकदम म्हणाली.

नवऱ्याने घास खाली ठेवला.

“सहा दिवस तोच आकडा कसा येईल? दशांशासकट? मी एकतीस वर्षांत सलग दोन दिवस तोच आकडा चार वेळा पाहिलाय. तीन दिवस एकदा. सहा दिवस नाही. कुणीतरी दुपारी येतं, कमाल तापमापक काढतं, हाताच्या उबेनं, नाहीतर गरम पाण्यानं बरोबर बेचाळीस पॉइंट आठवर नेतं आणि परत ठेवतं.”

“कशाला?”

“ते कळलं की माणूस कळेल.”

“आणि तू वहीत लिहितेस?”

“उपकरण दाखवतं ते लिहायचं. आपल्याला काय वाटतं ते नाही. नियम आहे.”

नवऱ्याने थोडा वेळ विचार केला. गरम पाण्याने तापमापक दशांशापर्यंत अचूक नेणारा माणूस गावात असेल तर तो नर्सरी कशाला चालवेल, असे त्याच्या मनात आले. पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते मनातच ठेवले.

---

दुसऱ्या दिवशी सकाळची नोंद झाल्यावर बाईने सापळा लावला. पेटीच्या दाराला आपला एक पांढरा केस डिंकाने आडवा चिकटवला. कुंपणाच्या दारापासून पेटीपर्यंतच्या वाटेवर पीठ चाळून पसरले. कुलूप बदलले. मग ती घरी गेली आणि दिवसभर खिडकीत बसून टाकीकडे जाणाऱ्या प्रत्येकाची वेळ कागदावर लिहीत राहिली. नर्सरीवाला: अकरा वाजून दहा, सायकल, मागे काही नाही. जाळीवाला: बारा, चालत, उगाच शिट्टी. एक कुत्रा: दोनदा.

संध्याकाळी सव्वापाचला ती पोचली. कुलूप जसेच्या तसे. केस तुटलेला नव्हता. पिठात फक्त एकाच माणसाच्या चपलांचे ठसे होते. ते तिचे स्वतःचे, सकाळी परत जातानाचे. तिने ते नीट तपासले आणि संशयितांच्या यादीतून वगळले.

साडेपाचला तिने दार उघडले. कमाल तापमापक आपल्या खाचेत आडवा पडला होता. पारा ४२.८ वर.

बाहेर वाऱ्याने अंगावर शहारा येत होता.

तरी हात सवयीने चालू राहिले. ४२.८ वहीत आठव्या रकान्यात. मग तापमापक उचलायचा आणि झटकायचा. कमाल तापमापकाचा पारा तापाच्या थर्मामीटरसारखा असतो. चढतो आपणहून, उतरत मात्र नाही. त्याला हाताने झटके देऊन खाली आणावे लागते, तेव्हा तो दुसऱ्या दिवसासाठी रिकामा होतो. तिने डाव्या हाताने तीन झटके दिले, तापमापक परत खाचेत ठेवला आणि नवव्या रकान्यात ‘झटकल्यानंतरचे वाचन’ लिहिले: ३६.२.

“कुठं बघून लिहिलंस?”

ती दचकली. टाकीच्या खांबामागून नवरा बाहेर आला. त्याने पाण्याच्या मीटरवर झाकलेले पोते अंगावर घेतले होते. लपण्यासाठी असावे. त्याची टोपी मात्र पोत्याच्या वर दिसत होती आणि ती लाल होती.

“अहो! तुम्ही इथं काय करताय?”

“तुझ्यावर पाळत ठेवतोय. तीन दिवस झाले.”

“माझ्यावर?”

“मग कुणावर ठेवू? माझी बायको डाव्या हातानं वेणी घालायला लागली आणि मला म्हणते गंमत. तू आत्ता छत्तीस पॉइंट दोन लिहिलंस. कुठं बघून लिहिलंस?”

“हा काय, शेजारचा कोरडा तापमापक, आत्ताच्या हवेचा. छत्तीस पॉइंट दोन.”

“पण झटकलास तो दुसरा.”

“झटकल्यावर दोघं सारखेच येतात. येणारच. दोघांना एकच हवा लागते.”

“येणारच ठीक आहे. आलेत का, एवढं बघ.”

नवऱ्याने हे अगदी साधेपणाने म्हटले. कवळी बसवल्यावर तो प्रत्येकाला म्हणायचा, बसणारच आहे, पण एकदा चावून बघा.

बाईने खाचेकडे पाहिले. पारा ४२.८ वर होता. तीन झटक्यांनंतरही जागचा हलला नव्हता.

कुणी पेटीत हात घातला नव्हता. सहा दिवसांपूर्वी खरोखर ४२.८ झाले होते. महिनाभर तिचा डावा हात झटके देत होता आणि पाऱ्याला ते कुणीतरी गालावर टिचकी मारावी तसे वाटत होते. त्याआधी ऊन रोज चढत होते, म्हणून चूक लपली. चढत्या उन्हात पारा आपणहून पुढे सरकतो. वारा फिरला आणि तो तिथेच राहिला. आणि ती रोज नवव्या रकान्यात शेजारच्या तापमापकाचा आकडा उतरवत गेली.

“काखेत कळसा,” नवरा म्हणाला आणि लगेच पस्तावला, कारण तिने उजव्या काखेकडे हात नेला होता.

“दुखतंय?”

“हो.”

“कधीपासून?”

“महिना झाला.”

“आणि मला सांगितलं नाहीस. लोकांच्या जबड्यात मी चाळीस वर्षं…”

“अहो, आधी हा झटका. नंतर भांडा.”

नवऱ्याने तापमापक हातात घेतला. तिने त्याला कोपर कसे धरायचे ते दाखवले. त्याने चार झटके दिले. पारा सुळकन खाली आला. तिने डोळे अगदी जवळ नेऊन वाचले. ३६.२.

मग तिने वही उघडली आणि गेल्या पाच दिवसांच्या ४२.८ वर एकेक रेघ मारली. आजच्या आकड्यावरही मारली. सहा दिवस. बाजूला आडवी छोटी रेघ: माहीत नाही. एकतीस वर्षांत तिने ही खूण कधी वापरली नव्हती. रेघ जरा वाकडीच आली.

फळ्यासमोर आज वीसेक माणसे होती. तिने ४२.८ पुसले आणि त्या जागी आडवी रेघ काढली.

लोक माना तिरक्या करून रेघेकडे बघू लागले.

“बाई,” नर्सरीवाल्याने शेवटी विचारले, “आडवी रेघ म्हणजे किती अंश?”

---

दुसऱ्या दिवशी सकाळी विभागीय कार्यालयातून तपासनीस आला. तो तिशीतला होता, गॉगल लावून मोटरसायकलवरून आला आणि गॉगल न काढताच म्हणाला, “तुमच्याबद्दल तीन निनावी पत्रं आलीत.”

त्याने ती पेटीवरच पसरली. पहिल्या पत्राचा वरचा छापील भाग फाडलेला होता, पण खाली ‘आमच्याकडे सर्व प्रकारची रोपे मिळतील’ तसेच राहिले होते. दुसरे हिरव्या जाळीच्या नमुन्याच्या पुठ्ठ्यावर लिहिले होते. दोन्हीत एकाच गोष्टीचा संशय होता, फक्त नावे उलटी होती.

“ही दोन ठीक आहेत,” तपासनीस म्हणाला. “अशी येतात. मला तिसऱ्याची काळजी वाटते. यात लिहिलंय, पेटीची उंची एक फुटानं कमी करता येईल का. बाई, जमिनीजवळ हवा जास्त तापते. कुणाला तरी आकडा आणखी वाढवायचाय. हा माणूस जाणकार आहे. अक्षर बघा, एकेक अक्षर कोरल्यासारखं.”

बाईने अक्षर पाहिले. असे अक्षर कवळ्यांच्या साच्यावर रुग्णाचा क्रमांक कोरणाऱ्या माणसाचे असते. उंच पेटीपर्यंत हात न्यायला त्रास होत असेल, एवढेच त्याला कळले होते, आणि त्याने सरकारला विचारून पाहिले होते. खाली सही नव्हती, पण ‘आपला विश्वासू’ होते.

“हा धोकादायक नाही,” ती म्हणाली. “मी याला ओळखते.”

“कोण आहे?”

“घरातलाच आहे.”

तपासनीसाने भुवया उंचावल्या आणि ‘टोळी?’ असे काहीतरी टिपून घेतले. मग त्याने वही उघडली. पाने मागे मागे उलटत गेला. महिने, वर्षे. एकसारखे अक्षर, कुठे खाडाखोड नाही, आणि मग शेवटच्या पानावर सहा रेघा.

“एवढी स्वच्छ वही मी कुठंच बघितली नाही,” तो म्हणाला आणि त्याने पहिल्यांदा गॉगल काढला. “हे बघा बाई, सोपं आहे. मी शेऱ्यात लिहितो, उपकरणात दोष. पारा अडकला. जुना तापमापक आहे, होतं असं. मी हा घेऊन जातो, नवा पाठवतो. सहा दिवसांचे आकडे शेजारच्या केंद्रावरून घेऊन भरू. वही पूर्ण. तुमचे दहा महिने पूर्ण. कुणाला काही कळायचं कारण नाही.”

नाही म्हणायला हवे हे तिला माहीत होते, पण हो म्हणायची इतकी इच्छा तिला आयुष्यात कधी झाली नव्हती.

“तापमापक चांगला आहे,” ती शेवटी म्हणाली.

“म्हणजे?”

“हाताचा दोष आहे. माझा खांदा आखडलाय. झटका पुरेसा बसला नाही.”

“बरं. तसं लिहू. तब्येत. त्यात काय.”

“आणि नववा रकाना मी न बघता भरला.”

तपासनीस थांबला. “या सहा दिवसांत?”

“नाही. कधीपासून ते आठवत नाही. सुरुवातीची काही वर्षं बघायचे. मग रोज दोघं सारखेच यायचे. मग मी शेजारचा बघून लिहायला लागले. वीस वर्षं तरी झाली असतील.”

“पण त्या वीस वर्षांच्या नोंदी बरोबरच असतील ना?”

“असतील. मी पाहिलेल्या नाहीत.”

तपासनीसाने वही मिटली आणि परत उघडली. त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होते की निनावी पत्रे लिहिणारे लोक त्याला परवडतात, ही बाई परवडत नाही.

“बाई, मी हे असं लिहिलं ना, तर केंद्र स्वयंचलित करतात. खांब उभा करतात, त्यावर यंत्र. माणूस लागत नाही. यंत्र तयारच आहे, गोदामात चार वर्षं पडून आहे. परवा येईल. समजतंय का?”

“समजतंय.”

“मग लिहू काय?”

“तुम्ही राहू द्या. माझं अक्षर बरं आहे,” ती म्हणाली आणि वही ओढून घेतली. शेऱ्याच्या रकान्यात तिने तीन ओळी लिहिल्या. उजव्या हाताने, कोपर पोटाशी धरून, सावकाश. सही केली. तारीख घातली. तपासनीसाने खाली आपली सही केली आणि जाताना न मागता म्हणाला, “खांद्याला शेक द्या. माझ्या आईला झालं होतं.”

---

त्या संध्याकाळी नवऱ्याने झटकले, तिने वाचले. ३७.६. तिने फळ्यावर आकडा लिहिला आणि खाली: ‘मागील सहा दिवसांचे तापमान माहीत नाही. निरीक्षकाची चूक. आजचा दिवस चाळीसच्या खालचा पहिला धरावा.’

नर्सरीवाला पुढे झाला. “पहिला? बाई, सहा दिवस गार आहे. लहान पोरालाही कळतंय.”

“मलाही कळतंय.”

“मग आज धरून सात दिवस झाले धरा ना! लावू दे मला आजच रोपं.”

“लावा. तुमची रोपं, तुमची जमीन. मी अडवलंय का? पण मला विचाराल तर मी पाहिलेला हा पहिला दिवस आहे.”

“आणि चूक तुमची.”

“हो. माझीच.”

नर्सरीवाला दातांमागून जीभ फिरवत उभा राहिला. आठवडाभर त्याने फळ्यामागची माणसे शोधली होती, आणि आता बाई स्वतःच फळ्यासमोर येऊन उभी होती. जाळीवाला मागून म्हणाला, “हे फार साधं वाटतंय. यात काहीतरी आहे.” पण त्याला कुणी साथ दिली नाही.

“दोन दिवसांनी काय होतंय,” नर्सरीवाला शेवटी आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला आणि सायकलला टांग मारून रोपांना पाणी घालायला गेला.

दुसऱ्या दिवशी ३८.१.

तिसऱ्या दिवशी साडेपाचला ३७.४. नवऱ्याने झटकले, तिने वाकून पाहिले, डोळे मिटले, उघडून पुन्हा पाहिले, मगच नवव्या रकान्यात लिहिले. फळ्यावर अंदाज एका ओळीचा होता: ‘रोपे लावावीत.’ ती ओळ पुरी व्हायच्या आत फाटकासमोर कुणी उरले नाही. थोड्याच वेळात टाकीभोवतीच्या घरांतून, परसातून, भिंतींपलीकडून खणण्याचे आवाज येऊ लागले.

तेवढ्यात एक टेम्पो येऊन कुंपणापाशी थांबला. दोन कामगार उतरले. त्यांनी एक लांब पांढरा खांब आणि एक खोके खाली ठेवले, हिरवळीवर चुन्याने गोल आखला आणि त्यातल्या एकाने पहार हाणली. पहार खणकन आवाज करून परत आली. त्याने पुन्हा हाणली. ढेकूळसुद्धा निघाले नाही.

“आई गं, दगडच आहे,” तो म्हणाला. “बाई, इथली जमीन अशीच आहे का सगळी?”

“वरचा वीतभर कडक असतो उन्हाळ्यात. खाली मऊ आहे. कोरड्यात खणू नका, पहार वाकेल.”

तिने वही नवऱ्याच्या हातात दिली. टाकीच्या नळाखाली बादली लावली, भरल्यावर डाव्या हाताने उचलली आणि अर्धी साडीवर, अर्धी वाटेवर सांडत चुन्याच्या गोलापर्यंत आणली. नवरा पुढे झाला तशी तिने मानेनेच नको म्हटले. वाकून, धार बारीक धरून, तिने ते पाणी कडेकडेने गोलात सोडले, मधे खळगा न पडेल असे.

“आता दहा मिनिटं थांबा,” ती म्हणाली. “मुरू दे.”

कामगार खांबावर बसले. ती उभीच राहिली आणि माती काळी होत जाताना बघत राहिली.